आस तापू नये म्हणून



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की त्यात एखादा गड, एखादी लढाई, निदान एखादा तह तरी असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी आपणांस अशा एका पदार्थाचा इतिहास सांगणार आहे, की जो बोटाला लागला तर आपण नाक मुरडून हात धुवावयास उठतो. तो पदार्थ म्हणजे वंगण. ह्या शब्दाला कचेऱ्यांच्या व्यवहारात जो एक निराळा अर्थ चिकटला आहे, तो येथे अभिप्रेत नाही. मी बोलणार आहे ते चाकाच्या वंगणाविषयी. चाकाचा शोध केव्हा लागला, कोठे लागला, ह्याची चर्चा आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. परंतु चाक फिरते ते आसावर, आणि आसावर सुखाने फिरते ते वंगणावर. हा पुढचा भाग सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

मला हा विषय सुचला तो ग्रंथालयात नव्हे, एका मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात. मी तेथे माझ्या कामाची वाट पाहत बाकावर बसलो होतो. समोर एका मालवाहू टेंपोचे पुढचे चाक उतरवून ठेवले होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या एका उमेदवाराने नव्या बेअरिंगचे खोके फोडले, वरचा कागद काढला, आणि रुप्याच्या वाटीसारखी लखलखणारी ती वस्तू तो तशीच चाकात बसवू लागला. तोच आतून मिस्त्री आले.

"थांब. ग्रीस भरलंस?"

"लावलेलंच आहे की, उस्ताद. कोरं करकरीत आहे."

मिस्त्रींनी बेअरिंग हातात घेतले, त्यावरून अंगठा फिरवला आणि तो त्या मुलापुढे धरला. अंगठ्यावर तेलाचा पुसट ओलावा तेवढा दिसत होता. "हे तेल कारखान्यानं गंज चढू नये म्हणून लावलंय. चाक चालावं म्हणून नव्हे. बेअरिंग नवं आहे रे. पण तयार नाही."

नवे आहे, पण तयार नाही! पाच शब्दांचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. घरी आल्यावर मी जुनी-नवी पुस्तके काढून बसलो, आणि माझ्या ध्यानात आले की ह्या पाच शब्दांच्या मागे निदान साडेतीन हजार वर्षांचा अनुभव उभा आहे. तोच आज थोडक्यात आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभ चाकाच्याही आधीपासून करू. इजिप्तमध्ये देर अल-बर्शा येथे जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. ते सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एका चित्रात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधलेला दिसतो. दोर धरून माणसांच्या रांगाच्या रांगा ती ओढीत आहेत. आणि गाडीच्या अगदी पुढच्या टोकाशी उभा राहून एक माणूस वाळूवर काहीतरी द्रव ओतीत आहे. पुष्कळ वर्षे काही पंडितांना वाटत असे की हा कसला तरी धार्मिक विधी असावा. २०१४ साली अॅम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखविले, की वाळू योग्य तेवढी भिजविली तर अशी गाडी ओढण्यास लागणारे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. "योग्य तेवढी" हे शब्द ध्यानात ठेवा. पाणी फार झाले तरी उपयोग नाही आणि कमी पडले तरी नाही. तो पाणी ओतणारा माणूस इतिहासाला नावाने ठाऊक नाही. पण शेकडो माणसांचा घाम वाचविणारा तोच होता.

त्याच देशात युया आणि थुया ह्या दांपत्याचे थडगे १९०५ साली उघडण्यात आले. त्यात सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा एक रथ होता. त्याच्या आसावर वंगणाचा अंश शिल्लक राहिला होता. रासायनिक तपासणीत तो जनावरांच्या चरबीचा असावा असे दिसून आले, आणि त्यात वाळूचे कणही मिसळलेले होते. म्हणजे चाकाचा मित्र आणि चाकाचा शत्रू, दोघेही एकाच आसावर साडेतीन हजार वर्षे शेजारी शेजारी बसून राहिले होते!

आता आपल्याकडे वळू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात दीर्घतमा ऋषीचे एक प्रसिद्ध सूक्त आहे. त्यात कालचक्राचे वर्णन येते. सारी भुवने ज्यावर उभी आहेत असे ते पाच आऱ्यांचे चाक अखंड फिरत असते. मौज अशी की, ह्या चाकाचे नवल सांगताना ऋषी त्याचा आकार सांगत नाही की तेज सांगत नाही. तो सांगतो, की एवढा भार वाहूनही ह्या चाकाचा अक्ष तापत नाही आणि त्याची नाभी मोडत नाही. बंधूंनो, ज्याने तापलेला आस कधी हाताने चाचपून पाहिला नाही, त्याला ही कल्पना सुचणार नाही. रोजच्या रथाचा आस तापतो, म्हणून तर न तापणारा आस हे देवाचे लक्षण ठरले.

ह्याहून थेट दाखला चरकसंहितेत आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूला विचारतो, की काही माणसे आयुष्य भोगून मरतात आणि काही अकाली मरतात, हे कसे? आत्रेय उत्तर देतात ते गाडीच्या आसाच्या दृष्टांताने. चांगल्या गुणांचा आस गाडीला जोडला आणि तो नीट वाहिला, तर झिजत झिजत यथाकाळी संपतो. तो त्याचा काळमृत्यू. परंतु तोच आस फार ओझ्याने, खडबडीत रस्त्याने, आडवाटेने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्याच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने आणि वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो, तो अकाळमृत्यू. खीळ निसटली म्हणजे काय होते हे आपल्याला कैकेयीच्या बोटाच्या कथेवरून ठाऊकच आहे. वंगण न मिळाल्याने काय होते, ह्याची कथा मात्र कोणी रचली नाही. ती चरकाने एका शब्दात सांगून टाकली. वैद्यकाच्या ग्रंथात हा दृष्टांत आला, ह्याचा अर्थ तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला घरच्या अनुभवाचा होता.

आणि तो अनुभव आमच्या बैलगाडीने अगदी परवापरवापर्यंत जिवंत ठेवला होता. ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आठवत असेल. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान गाडी टेकूवर घेई, खीळ काढी, चाक जरासे बाहेर ओढी, जुना काळा थर चिंधीने पुसून टाकी आणि आसावर नवे वंगण चोपडी. हे काम त्याला कोणी सांगावे लागत नसे. त्याने ते टाळलेच, तर दोन कोसांत चाक करकरू लागे आणि सारी वाट त्याच्या नावाने ओरडत राही. चूक सकाळी झाली तर दुपारी कळत असे, आणि संध्याकाळी ती सुधारता येत असे. ही गोष्ट आपण मनात ठेवू. पुढे तिची गरज पडणार आहे.

आगगाडी आली आणि हा जुना हिशेब बदलला. बैलगाडीच्या कितीतरी पट वेग, आणि भार टनांचा. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे हेन्री बूथ ह्यांनी १८३५ साली आसासाठी एका वंगणाचे पेटंट घेतले. त्यात चरबी, ताडाच्या जातीच्या एका झाडाचे तेल, सोडा आणि पाणी ही मुख्य द्रव्ये होती. हे पामतेल पश्चिम आफ्रिकेतून येई. इंग्लंडच्या गाड्या चालाव्यात म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फळे कुटली जात होती, ही गोष्टही इतिहासातच जमा धरली पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हापासून आपल्याही स्टेशनांवर लांब चोचीची तेलाची झारी घेतलेला माणूस दिसू लागला. गाडी थांबली की तो डब्याडब्याच्या खाली वाकून पाही. दुसरा एक जण हातोडीने चाके ठोकून त्यांचा आवाज ऐकत जाई. गाडीत बसलेल्यांचे लक्ष चहावाल्याकडे असे. आपला जीव त्या वाकलेल्या माणसाच्या हातात आहे, हे फार थोड्यांच्या मनात येई.

इतके सगळे चालले होते, तरी वंगण नेमके करते काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ते कळले १८८३ साली, आणि तेही जवळजवळ अपघाताने. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसावर प्रयोग करीत होते. खाली तेलात बुडालेला आस फिरत होता आणि त्यावर पितळी टोपी भार देत होती. टोपीला वरून तेल सोडावे म्हणून टॉवर ह्यांनी तिला एक भोक पाडले. यंत्र सुरू केले, तो काय आश्चर्य! तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्यांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली. ती उडून बाहेर आली. मग तेथे दाब मोजण्याचे यंत्र लावले. आसावरचा सरासरी भार चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता. काटा २०० च्या पलीकडे गेला. म्हणजे तेल नुसते मध्ये पसरलेले नव्हते; फिरणारा आस तेल स्वतःच्या खाली-वर ओढून घेत होता, आणि पाण्यावर नाव तरंगावी तशी ती वजनदार टोपी तेलावर तरंगत होती. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्यांनी ह्याचे गणित मांडले. चरबी चोपडणाऱ्या रथकाराला हे गणित माहीत नव्हते. पण धातू धातूला शिवता कामा नये, हे त्याच्या हातांना माहीत होते. शास्त्राने त्याच्या हातांची साक्ष खरी ठरविली.

इकडे दुसरीही एक वाट निघाली होती. घासण्यापेक्षा लोळणे सोपे, ही ती वाट. जड पिंप आपण ओढीत नाही, लोळवतो. मग आस आणि तुंबा ह्यांच्यामध्येच गोळ्या का घालू नयेत? १७९४ साली वेल्समधील कार्मार्थनच्या फिलिप वॉन ह्यांनी गाडीच्या आसासाठी खाचेत फिरणाऱ्या गोळ्यांचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती. पण सारख्या मापाच्या कठीण गोळ्या करावयाच्या कशा? एकत्र कुटुंबात एकच भाऊ मिळवता असला की साऱ्यांचा भार त्याच्यावर पडतो, आणि तोच आधी खचतो. गोळ्यांचेही तसेच आहे. एक गोळी केसभर मोठी असली की सारे ओझे तिच्यावर. ही अडचण सुटावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. मध्यंतरी सायकल आली. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे ह्यांनी सायकलीच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआं ही शर्यत जेम्स मूर ह्यांनी छऱ्यांच्या बेअरिंगवर फिरणाऱ्या सायकलीने जिंकली. पुढे १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर ह्यांनी पोलादी गोळ्या सारख्या घासून काढणारे यंत्र तयार केले, आणि मग छऱ्यांना तोटा राहिला नाही. गंमत पाहा: टॉवर ह्यांचा प्रयोग आणि फिशर ह्यांचे यंत्र, दोन्ही एकाच वर्षीची.

हे छरे आपल्याकडे आले ते सायकलीतून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर, पंप आणि इंजिने बनविणाऱ्या एका मोठ्या कारखानदारीचा आरंभ असा दोन चाकांवर झाला. आमच्या पिढीने पहिले बेअरिंग पाहिले ते सायकलवाल्याच्या फळकुटावर. रॉकेलच्या वाटीत धुतलेले छरे, पिवळ्या ग्रीसने भरलेला कप, आणि त्या ग्रीसमध्ये एकेक छरा मोत्यासारखा बसविणारी ती काळी बोटे! छरे मोजून काढावयाचे, मोजून घालावयाचे, आणि एकही खाली सांडू द्यावयाचा नाही. आणि खाली पडलाच, तर पुसल्याशिवाय आत जावयाचा नाही. हे शिस्तीचे पहिले पाठ पुष्कळांनी शाळेत नव्हे, तेथे उभे राहून घेतले.

मोटारीच्या चाकाची गरज आणखी निराळी होती. गाडी वळण घेते तेव्हा चाकावर नुसता वरून भार पडत नाही; बाजूनेही रेटा बसतो. सेंट लुई शहरात घोडागाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन ह्यांनी १८९८ साली ह्यावर तोड काढली. त्यांनी गोळ्यांच्या जागी निमुळते रोलर घातले. ते वरचा भारही सोसतात आणि बाजूचा रेटाही. त्या गॅरेजातील टेंपोच्या चाकात बसावयाचे होते ते ह्याच जातीचे बेअरिंग. आपल्या देशात १९४६ साली जयपूरला बेअरिंगचा कारखाना निघाला, आणि १९६० नंतरच्या दशकात स्वीडनच्या सहकार्याने पुण्याजवळ चिंचवडलाही एक उभा राहिला.

बेअरिंग बदलले तसे वंगणही बदलले. चुन्याच्या साबणाने घट्ट केलेले ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण उष्णतेत पातळ होऊन गळून जाई. सोड्याच्या साबणाचे ग्रीस उष्णता सोसे, पण पाण्यात विरघळे. आपल्यासारख्या देशात, जेथे मेमध्ये डांबर वितळते आणि जूनमध्ये रस्त्यावरून ओढे वाहतात, तेथे ह्या दोहोंतले कोणते निवडावे? १९४२ साली क्लॅरेन्स अर्ल ह्यांनी लिथियमच्या साबणाच्या ग्रीसचे पेटंट घेतले, आणि ऊन व पाऊस दोन्ही सोसणारे वंगण प्रथमच हाती आले. मात्र एका जातीचे ग्रीस दुसऱ्या जातीत मिसळले, तर पुष्कळदा दोन्ही बिघडतात आणि पातळ होऊन वाहून जातात. म्हणून जाणता मिस्त्री जुन्यावर नवे चोपडीत नाही. आधी सगळे धुऊन काढतो.

येथवरचा इतिहास ऐकून कोणी म्हणेल, की चरबी गेली, छरे आले, छऱ्यांच्या जागी रोलर आले, ग्रीस सुधारले. आता काळजीचे कारण उरले नाही. माझे म्हणणे ह्याच्या अगदी उलट आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा मुद्दा तोच आहे.

चाक जसजसे सुधारत गेले, तसतशी वंगणाची पाळी लांबत गेली. गाडीवान प्रत्येक लांबच्या वाटेला वंगण देई. रेल्वेचा तेलवाला मोठ्या मुक्कामाला आसपेट्या पाही. टेंपोच्या चाकात ग्रीस भरले की ते हजारो किलोमीटर चालते. आणि आजच्या मोटारींत जी बंद बेअरिंगे असतात, ती बहुधा पुन्हा उघडावी लागतच नाहीत. ह्याचा अर्थ काळजी संपली असा नव्हे. ती सारी एका क्षणात येऊन गोळा झाली, असा आहे. जी काळजी गाडीवान वर्षभर थोडीथोडी घेत होता, ती आता बेअरिंग बसविण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत घ्यावी लागते. त्याची चूक दुपारी करकरत असे आणि संध्याकाळी सुधारता येई. आपली चूक महिनोन्‌महिने गप्प बसते आणि एके दिवशी घाटात बोलते.

ह्याला दोन दाखले देतो. ६ सप्टेंबर १९४३. अमेरिकेत वॉशिंग्टनहून न्यूयॉर्ककडे जाणारी एक जलद गाडी प्रवाशांनी भरून धावत होती. फिलाडेल्फियाजवळ एका डब्याची आसपेटी पेटलेली यार्डातल्या कामगारांनी पाहिली. पुढच्या केबिनला टेलिफोन करण्यात आला. पण गाडी थांबविण्याच्या आतच तापलेला आस तुटला. ७९ माणसे मेली आणि शंभरावर जखमी झाली. हा जुन्या, तेलाच्या आसपेट्यांचा काळ. दुसरा दाखला नव्या काळाचा. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यात एक मालगाडी चालली होती. तिच्या आसांना रोलर बेअरिंगे होती, आणि वाटेत तापमान पाहणारी यंत्रेही होती. एका बेअरिंगचे तापमान पहिल्या यंत्रापाशी हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सियस अधिक होते. दुसऱ्यापाशी सुमारे ५७ अंश. आणि त्यापुढे तीसेक किलोमीटरवर, ईस्ट पॅलेस्टाइन गावी, सुमारे १४० अंश. तोवर वेळ टळली होती. ३८ वाघिणी रुळांवरून घसरल्या. त्यांपैकी काहींत घातक रसायने होती. त्यांतली काही जाळून टाकण्यात आली आणि आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली. ह्या दोन अपघातांच्या मुळाशी नेमकी कोणाची हयगय होती, हे मला येथे ठरवावयाचे नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की ऐंशी वर्षांत आसपेटी बदलली, वंगण बदलले, पहारा यंत्रांनी घेतला. पण आस एकदा तापू लागला, की माणसाच्या हातात उरणारा वेळ आजही फार थोडा असतो. जी वेळ खरोखर आपल्या हातची आहे, ती चाक फिरण्यापूर्वीची.

म्हणून त्या गॅरेजात मिस्त्रींनी पुढे काय केले, ते मी सविस्तर सांगतो. कारण तेच ह्या साऱ्या इतिहासाचे सार होते.

त्यांनी आधी हात धुतले. नंतर नव्या बेअरिंगवरचा नंबर जुन्याशी ताडून पाहिला. आतले कडे आणि बाहेरचा कप एकाच जोडीचे आहेत ना, हे पाहिले. मग उजेडात धरून एकेक रोलर फिरवीत न्याहाळला. कोठे गंजाचा ठिपका, कोठे ओरखडा, कोठे वाटेत आपटल्याचा पोचा? "नवं सामान खोक्यात बसून येतं, पण येतं ट्रकमधूनच," ते म्हणाले. चाकाच्या तुंब्यातले जुने काळे ग्रीस त्यांनी पूर्ण पुसून, रॉकेलने धुऊन आणि कोरडे करून घेतले. ह्या स्वच्छतेचे कारण शास्त्राने अलीकडे मापून दिले आहे. फिरत्या रोलरखाली वंगणाचा जो पापुद्रा असतो, तो माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीचा साधा कण त्याच्या कितीतरी पट मोठा. फरशीवर पडलेले बेअरिंग उचलून तसेच बसविणे म्हणजे भाताच्या घासात खडा ठेवून जेवावयास बसणे होय.

मग त्यांनी डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून दाबून ओढली. प्रत्येक दाबासरशी ग्रीस रोलरांच्या फटींतून आत शिरत गेले, आणि शेवटी पलीकडच्या बाजूने शेवयांसारखे बाहेर येऊ लागले. "इकडून घातलेलं तिकडून दिसलं पाहिजे. वरून लेप दिला तर तो गिऱ्हाइकाला दिसतो, रोलरला मिळत नाही." असे पूर्ण वर्तुळ भरल्यावर त्यांनी कपालाही हात दिला, पण तुंब्याची पोकळी मात्र ठासून भरली नाही. फार भरले की ग्रीस घुसळून तापते. इजिप्तच्या त्या पाणी ओतणाऱ्याचे "योग्य तेवढे" मला येथे पुन्हा भेटले. नवे सील बसवून, चाक हाताने फिरवीत फिरवीत त्यांनी नट आवळला आणि मग कंपनीच्या मापाप्रमाणे किंचित सैल केला. नटाला नवी पिन घातली. ज्या बंद बेअरिंगांत कारखान्यानेच ग्रीस भरलेले असते, ती उघडावयाची किंवा धुवावयाची नाहीत, हेही त्यांनी त्या मुलास सांगितले. तेथे नंबर, सील आणि बसण्याची जागा एवढे तपासले की झाले. "तयार म्हणून आलेलं उघडू नकोस, आणि तयार नसलेलं बसवू नकोस. कोणतं कोणतं, हे कळणं म्हणजे धंदा."

टेंपोवाला गाडी घेऊन निघाला. मिस्त्री म्हणाले, "चार-पाच किलोमीटर जाऊन या आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तसेच परत या, पुढे जाऊ नका." मी मनाशी म्हटले, दीर्घतमा ऋषीची कसोटी ह्याहून निराळी ती काय होती?

बंधुभगिनींनो, अभियंत्यांनी बेअरिंगच्या आयुष्याचे गणित मांडले आहे. लुंडबर्ग आणि पामग्रेन ह्या स्वीडिश अभियंत्यांचे ह्या विषयावरचे काम १९४७ साली प्रसिद्ध झाले. किती भार असता पोलाद थकून केव्हा खचेल, ह्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. हा बेअरिंगचा काळमृत्यू. परंतु कोणत्याही अनुभवी कारागिराला विचारा. तो सांगेल, की त्याच्यापुढे येणारी पुष्कळ बेअरिंगे ते आयुष्य भोगून आलेली नसतात. ती धुळीने, पाण्याने, वाकड्या बसवणीने आणि वंगणावाचून मध्येच गेलेली असतात. आत्रेयांनी अग्निवेशाला सांगितलेली यादी आजही गॅरेजच्या भिंतीवर टांगावी अशी आहे.

आणि आपण गावातली माणसे, जी स्वतः कधी आसाला हात लावीत नाही, आपला ह्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. मुलांना शाळेत नेणारी गाडी, देवदर्शनाला निघालेली एसटी, रात्री भाजी घेऊन घाट उतरणारा ट्रक, ह्या साऱ्यांची चाके कोणीतरी बसविलेली असतात. "अहो, नवंच आहे, द्या बसवून लवकर" अशी घाई आपण गिऱ्हाईक म्हणून करतो, तेव्हा ती दहा मिनिटे आपणच कापून घेत असतो. मिस्त्रीच्या मजुरीत नट आवळण्याचे पैसे असतात, तसेच ह्या पाहण्याचे आणि पुसण्याचेही असतात. किंबहुना खरे मोल ह्यांचेच असते.

कालचक्राचा आस तापत नाही असे ऋषी सांगून गेला. ते चाक देवाचे आहे. त्याला वंगण कोण देतो, हे आपणांस पाहावयाचे कारण नाही. आपली चाके माणसांनी केलेली आहेत, आणि ती तापतात. ती तापू नयेत म्हणून कोणीतरी काळ्या हातांनी, योग्य तेवढे, योग्य वेळी करीत आला आहे. पुढच्या वेळी गॅरेजात तो हात थांबून बेअरिंग उजेडात धरील, तेव्हा आपणही जरा थांबू या.